इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजची जागा : प्रकल्प नोंदी, नागपूर, २०२४

५ मे २०२४

भाचीच्या गिटारचे काम आज प्रत्यक्ष हाती घेतले. बॉडीसाठी शिवणीची फळी लकडगंजातल्या एका आरा मशीनवरून होळीच्या आधीच आणून ठेवली होती. विदर्भात सागवान उत्तम मिळते, त्यामुळे सागवानाचा मोह झाला होता. पण खांद्यावर दोन-अडीच तास वागवायचे वाद्य हलके असावे, म्हणून शिवण निवडली. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, तयार घेतला आहे. तो मेपलचा, बावीस फ्रेटांचा (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असून नटापाशी, म्हणजे तारा जिथून सुरू होतात त्या खाचांच्या पट्टीपाशी, ४२ मिमी आणि टोकाला ५६ मिमी रुंद आहे. ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारांना आधार देणारा भाग, सपाट पत्र्याचा आहे. त्यावर सहा स्वतंत्र सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेखालचे पुढेमागे सरकणारे आधार, आहेत आणि तारा बॉडीच्या पाठीमागून आरपार येतात.

फळी ठेवताना एक काळजी घेतली. घरात कूलर सुरू असताना त्याच्या झोतासमोर लाकूड ठेवले, तर एक बाजू दमट हवेने फुगते आणि दुसरी बाजू नागपूरच्या उन्हाळ्याने कोरडी राहते. अशी फळी चार दिवसांत वाकते. म्हणून ती आतल्या खोलीत, खाली दोन पट्ट्या देऊन आडवी ठेवली आहे.

या नोंदी मी मुख्यतः ब्रिजच्या जागेसाठी लिहीत आहे, आणि त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी मी पहिली गिटार केली, तेव्हा ब्रिजची भोके कागदावरच्या आराखड्यावरून, बॉडीच्या कडेपासून मोजून, नेक बसवण्याआधीच पाडली होती. नंतर नेकची खाच साफ करताना ती जवळजवळ ४ मिमी जास्त खोदली गेली, नेक तेवढा ब्रिजकडे सरकला आणि नटापासून सॅडलपर्यंतचे अंतर तेवढेच कमी झाले. जाड ईच्या तारेचे (जाडीकडून पातळीकडे सहा तारांना ई, ए, डी, जी, बी, ई अशी स्वरांची नावे आहेत) सॅडल मागे घेत घेत त्याची स्प्रिंग पूर्ण दाबली गेली, मग स्प्रिंग काढून टाकली, तरी बाराव्या फ्रेटवरचा स्वर सुमारे ७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढाच राहिला. शेवटी भोके सागवानी खुंट्यांनी बुजवून ब्रिज पुन्हा बसवावा लागला. त्या खुंट्यांचे गोल डाग आजही त्या गिटारवर दिसतात. या वेळी ब्रिजचे एकही भोक नेक पक्का बसल्याशिवाय पाडायचे नाही, एवढे ठरवूनच कामाला सुरुवात केली आहे.

१२ मे २०२४

आज फक्त नेक मोजला. विकणाऱ्याने स्केल लेंथ, म्हणजे नटापासून सॅडलपर्यंतची तारेची हिशेबी लांबी, २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मिमी, असे सांगितले आहे. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या गिटारींचे हेच माप आहे. गिब्सन कंपनीचे प्रचलित माप २४.७५ इंच, म्हणजे सुमारे ६२८.६५ मिमी आहे. दोन्हींत १९ मिमीचा फरक असल्यामुळे एकाचा नेक आणि दुसऱ्याचा आराखडा अशी गल्लत झाली, तर कोणतेही सॅडल ती सावरू शकत नाही. म्हणून सांगितलेल्या आकड्यावर न थांबता नेकलाच विचारायचे. नटाच्या फ्रेटबोर्डकडील (फ्रेट बसवलेल्या पृष्ठभागाकडील) कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्याची दुप्पट करायची, कारण बारावा फ्रेट तारेचे बरोबर दोन समान भाग करतो.

माप तीन वेळा घेतले, आणि तिन्ही वेळा ते ३२३.८ ते ३२३.९ मिमीच्या दरम्यान आले. पडताळा म्हणून पहिला फ्रेटही मोजला. समान अंतराच्या बारा स्वरांच्या पद्धतीत प्रत्येक फ्रेटसाठी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागतात; ६४७.७ ला भागले की ३६.३५ मिमी येतात, आणि पट्टीवर ३६.३ ते ३६.४ च्या मध्ये रेघ पडली. नेक खरोखरच ६४७.७ मिमीचा आहे.

मोजण्यासाठी स्टीलची सरळ पट्टीच वापरली. गुंडाळीच्या टेपच्या टोकाचा हूक मुद्दामच थोडा सैल ठेवलेला असतो, म्हणजे आतून आणि बाहेरून मोजताना हुकाची जाडी आपोआप भरून निघते. पण जुन्या टेपमध्ये तो ढिलेपणा वाढत जातो. माझ्या टेपने हेच अंतर ३२५ दाखवले. दुप्पट केल्यावर तो फरक दोन मिलिमीटरांच्या पुढे गेला असता.

१९ मे २०२४

नेकची खाच राऊटरने (लाकूड खोदणाऱ्या यंत्राने) खोदून पटाशीने साफ केली. खोली १६ मिमी ठेवली, त्यामुळे फ्रेटबोर्डचा पृष्ठभाग बॉडीच्या साडेनऊ मिमी वर आला. बाजूंना नेक हाताने दाबून बसेल इतकी घट्ट खाच साधली आहे. चार स्क्रूंनी नेक पक्का केला. उकाडा इतका होता की दुपारी काम थांबवून संध्याकाळी सातनंतर पुन्हा सुरू केले.

उंचीचा हिशेबही याच वेळी करून घेतला. फ्रेटची उंची १.१ मिमी आणि बाराव्या फ्रेटवर तार सुमारे १.८ मिमी वर हवी, हे धरले तर सॅडलपाशी तार बॉडीपासून साधारण १३.८ मिमी उंच येते. या ब्रिजची सॅडल ११ ते १६ मिमीपर्यंत वरखाली होतात, तेव्हा नेकखाली पाचर घालण्याची गरज नाही.

२ जून २०२४

आज मध्यरेषा काढली. गेले तीन दिवस शहरात एकाच गोष्टीची चर्चा आहे : एका स्वयंचलित केंद्राने नागपूरचे तापमान ५६ अंश दाखवले, आणि मग संवेदकातील बिघाडामुळे तो आकडा चुकला असा खुलासा आला. ती बातमी वाचल्यावर मी माझ्या दोन्ही स्टीलच्या पट्ट्या एकमेकींना लावून ६०० मिमीपर्यंत तपासल्या. सुदैवाने त्या जुळल्या.

मध्यरेषेबाबत मनाशी एक गोष्ट पक्की केली होती, की बॉडी कापताना पेन्सिलीने आखलेली मधली रेघ आता वापरायची नाही. नेक खाचेत अर्ध्या अंशाच्या आत जरी तिरका बसला, तरी ब्रिजपर्यंत पोहोचेपर्यंत तो तिरपेपणा वाढत जातो, ०.३ अंशाचा कोन असेल, तर ६४० मिमी अंतरावर सव्वातीन मिलिमीटरांहून अधिक फरक पडतो. ब्रिजने नेकच्या मागे जायचे असते, बॉडीच्या नव्हे. बॉडीच्या मधल्या रेघेपासून ब्रिज दोन मिमी बाजूला गेला तर ते डोळ्यांना कळणारही नाही. पण नेकच्या रेषेपासून तेवढाच गेला, तर पातळ ईची तार बोटाखालून फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरते.

त्यासाठी नटाच्या दोन्ही टोकांच्या खाचांत काळा शिवणाचा दोरा अडकवला आणि दोन्ही दोरे ताणून सॅडलच्या जागेपर्यंत नेले. तिथे एका पातळ फळीवर ५२.५ मिमी अंतराने दोन खिळे ठोकले होते, कारण या ब्रिजवर लगतच्या दोन तारांमध्ये १०.५ मिमी आहेत आणि सहा तारांमध्ये अशी पाच अंतरे येतात. खिळ्यांची फळी क्लॅम्पने बॉडीवर सैलसर धरली आणि ती जरा जरा डावी-उजवीकडे सरकवत राहिलो. खिडकीतला उजेड मागून घेतला, म्हणजे दोऱ्याची सावली फ्रेटवर स्पष्ट पडते. बावीसाव्या फ्रेटपाशी दोन्ही बाजूंना दोरा आणि कड यांच्यात सारखीच जागा हवी होती. गणिताने ती ४.१ मिमी येते : नटापाशी दोरे ३५.५ मिमी अंतरावर आहेत, सॅडलपाशी ५२.५, आणि बावीसावा फ्रेट नटापासून ४६५.९ मिमीवर, म्हणून तिथे दोरे ४७.७ मिमीवर येतात. फळी सरकवत असताना एका बाजूला ३.६ आणि दुसऱ्या बाजूला ४.६ दिसले, मग ३.९ आणि ४.३, अखेर दोन्हीकडे ४.१ आल्यावर क्लॅम्प आवळला आणि दोन्ही दोऱ्यांखाली मास्किंग टेपवर टोकदार पेन्सिलीने खुणा केल्या. त्यांच्या मधोमध येणारी रेघ हीच या गिटारची खरी मध्यरेषा. बॉडीवरची जुनी रेघ तिच्यापासून १.४ मिमी बाजूला आहे.

मिस्त्री काका, ज्यांच्याकडे आमच्या घराचे सगळे सुतारकाम होते, ते संध्याकाळी आले होते. दोरे पाहून त्यांनी विचारले, "भाऊ, एका सुताने काय फरक पडते?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. दारखिडक्यांत एक सूत खरोखर काही नाही. इथे मात्र ब्रिज लांबीत एक सूत चुकला, तर बाराव्या फ्रेटवरचा स्वर सुमारे साडेआठ सेंट हलतो, म्हणजे एका अर्धस्वराचा बाराव्या हिश्शाहून अधिक भाग. हा हिशेब त्यांना दाखवला, आणि त्यांनी मग स्वतः दोऱ्याच्या दुसऱ्या बाजूने वाकून खुणा तपासून पाहिल्या.

९ जून २०२४

आज लांबीचा निर्णय घ्यायचा होता, म्हणजे ६४७.७ मिमीची रेघ ब्रिजच्या नेमक्या कोणत्या भागाखाली यावी. नवशिक्याची चूक इथेच होते. ब्रिजच्या पत्र्याची पुढची कड किंवा स्क्रूंची ओळ त्या रेघेवर ठेवून चालत नाही. तार सॅडलच्या ज्या माथ्यावरून सुटते, तो बिंदू मोजायचा असतो.

शिवाय तो बिंदू बरोबर ६४७.७ वर ठेवणेही पुरेसे नाही. तार फ्रेटवर दाबली की ती थोडी ताणली जाते, ताण वाढतो आणि स्वर हिशेबापेक्षा चढा येतो. तारेचा ताठरपणाही त्यात भर घालतो. म्हणून प्रत्येक तारेची लांबी हिशेबापेक्षा थोडी अधिक ठेवावी लागते. पातळ ईला साधारण एक-दोन मिमी पुरतात, जाड ईला चार ते सहा लागतात. सॅडलला सगळी हालचाल मागच्या दिशेनेच करायची असल्याने, पातळ ईचे सॅडल पुढच्या टोकाच्या जवळ असताना त्याचा माथा ६४७.७ वर यावा, हा माझा निकष आहे. अनेक जण सॅडल आपल्या मार्गाच्या मधोमध ठेवून ब्रिज बसवतात, आणि ते दिसते योग्यच. पण त्यात मागे जाण्याची निम्मी जागा वाया जाते.

या ब्रिजच्या सॅडलांची सरक मोजली तर ११ मिमी भरली. पुढे २ मिमी आणि मागे ९ मिमी राहील, असे ठरवले. पुढचे २ मिमी कदाचित कधीच लागणार नाहीत, पण मोजण्यातली माझी चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. मागचे ९ मिमी मात्र भाचीसाठी आहेत. ती काही गाण्यांसाठी जाड ईची तार डीपर्यंत उतरवते, आणि तार सैल झाली की दाबल्यावर स्वर आणखी चढतो, म्हणजे सॅडल आणखी मागे न्यावे लागते.

आधी ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज घेण्याचा विचार होता. १९५४ साली गिब्सनच्या लेस पॉल कस्टम गिटारवर आलेला तो ब्रिज सुंदर आहे, परंतु त्याचे दोन खांब बॉडीत आधीच तिरक्या रेषेवर, जाड तारांकडे सुमारे तीन मिमी मागे, रोवावे लागतात आणि सॅडलांची सरक कमी असते. तिथे चूक झाली, तर दोन मोठी भोके बुजवण्यावाचून इलाज नाही. माझ्या हाताला अजून तेवढा विश्वास नाही.

सॅडल ठरलेल्या जागी ठेवून त्याच्या माथ्यापासून स्क्रूंच्या ओळीपर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजले : ३१.२ मिमी. म्हणजे स्क्रूंची ओळ नटापासून ६७८.९ मिमीवर. हे माप नटापासून एकदा घेतले आणि बाराव्या फ्रेटपासून ३५५.०५ मिमी धरून दुसऱ्यांदा घेतले. दोन्ही रेघा पेन्सिलीच्या एकाच जाडीत आल्या.

ब्रिज दुहेरी चिकटपट्टीने त्या जागी चिकटवला. मग तो मध्यरेषेला काटकोनात आहे का, हे गुण्याने न पाहता कर्णांनी पाहिले, जसे सुतार दाराची चौकट पाहतो : बावीसाव्या फ्रेटच्या डाव्या टोकापासून उजव्या बाहेरच्या स्क्रूच्या भोकापर्यंत, आणि उजव्या टोकापासून डाव्या भोकापर्यंत. दोन्हींत ०.६ मिमीचा फरक निघाला. चिकटपट्टी सोडवून ब्रिज केसभर फिरवला आणि पुन्हा मोजले. तिसऱ्या प्रयत्नात कर्ण सारखे आले. रात्रभर तो तसाच ठेवणार आहे. उद्या ताज्या डोळ्यांनी सगळी मापे पुन्हा घेईन.

१६ जून २०२४

सोमवारी घेतलेली मापे तीच आली होती, म्हणून आज भोके पाडली.

सेंटर पंचने खुणा खोल केल्या. स्क्रू साडेतीन मिमीचे असल्याने, शिवणीसारख्या मऊसर लाकडासाठी अडीच मिमीचे गिरमिट घेतले आणि खोलीची खूण म्हणून त्यावर टेप गुंडाळला. हातातले ड्रिल न वापरता स्टँडवरचे वापरले. तारांच्या आरपार भोकांसाठी सावकाशीने काम केले. बॉडी ४४ मिमी जाड आहे, आणि एवढ्या खोलीत लांब गिरमिट लाकडाच्या रेषांमागे भरकटते. म्हणून फक्त दोन टोकांची भोके पुढून आरपार पाडली, मागच्या बाजूला त्या दोन बिंदूंमध्ये रेघ ओढून १०.५ मिमी अंतराने उरलेल्या चार खुणा केल्या, आणि ती चारही भोके निम्मी पुढून, निम्मी मागून पाडली. शेवटी तारांची टोके अडकवणारी मागची टोपणे एका ओळीत बसली. पहिल्या गिटारच्या पाठीवर ती दातांसारखी वेडीवाकडी होती.

स्क्रू लावण्याआधी त्यांच्यावर मेणबत्ती घासली.

३० जून २०२४

ब्रिजखालून कंट्रोलच्या (आवाजाच्या बटणांच्या) पोकळीपर्यंत ३ मिमीचे तिरके भोक पाडून अर्थिंगची तार नेली. तिचे उघडे टोक पत्र्याखाली पसरवून ब्रिज पुन्हा आवळला आणि मल्टिमीटरने तार व सॅडल यांच्यात जोड लागतो का ते पाहिले. ही तार विसरली, तर वाद्याच्या तारांना हात लावला तरी अॅम्प्लिफायरमधून ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची गुणगुण येत राहते. पिकअपचे (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाचे) खांब तारांच्या बरोबर खाली आहेत. ब्रिजची जागा आधी ठरवून पिकअपची पोकळी नंतर खोदल्याचा हा फायदा झाला.

७ जुलै २०२४

आज पहिल्यांदा तारा चढवल्या. १० ते ४६ चा नवा संच आहे, म्हणजे पातळ ई ०.०१० इंचाची आणि जाड ई ०.०४६ इंचाची. इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर यावा यासाठी सॅडलची जुळणी, नेहमी नव्या तारांवरच करावे, कारण वापरलेली तार फ्रेटांपाशी झिजते, घामाने जागोजागी जड होते आणि तिचा स्वर स्वतःच अस्थिर होतो.

आधी ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) जुळवून नेकची लवण, म्हणजे किंचित बाक, ०.२५ मिमी ठेवली, नंतर तारांची उंची लावली. या दोन्ही गोष्टी बदलल्या की इंटोनेशन बदलते, म्हणून क्रम हाच ठेवावा लागतो. सगळी सॅडल मुद्दाम ६४७.७ वर, एका सरळ रेषेत ठेवून प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहिला. दाबलेला स्वर पातळ ईवर ४ सेंट चढा, बीवर साडेपाच, जीवर ९, डीवर ५, एवर साडेआठ आणि जाड ईवर १२ सेंट चढा होता. या स्केलवर सॅडल १ मिमी मागे नेले, की बाराव्या फ्रेटचा स्वर सुमारे २.७ सेंट उतरतो. त्यामुळे किती सरकवायचे हे अंदाजाने नव्हे, तर भागाकाराने ठरले. प्रत्येक वेळी आधी तार सैल केली, सॅडल हलवले, तार पुन्हा स्वरात आणली आणि पुन्हा मोजले. ताणलेल्या तारेखाली सॅडल ओढले, तर तार सॅडलच्या कडेवर घासून बाद होते.

शेवटी ६४७.७ च्या मागे स्थिर झालेली मापे अशी : पातळ ई १.४ मिमी, बी २.१, जी ३.३, डी १.९, ए ३.२ आणि जाड ई ४.६. भाचीने ब्रिजकडे पाहून लगेच विचारले, "मामा, हे मधलंच मागे कसं गेलं? उतरंड सारखी का नाही?" तिचा प्रश्न रास्त आहे. साधी जीची तार ०.०१७ इंचाची सलग पोलाद आहे. तिच्या शेजारची डी ०.०२६ इंच जाड दिसते, पण तिचा पोलादी गाभा बारीक असून उरलेली जाडी वरच्या गुंडाळीची आहे. दाबल्यावर ताण किती वाढणार आणि तार किती ताठ राहणार, हे गाभा ठरवतो, गुंडाळी नाही. म्हणून साध्या तीन तारांची एक उतरंड होते आणि गुंडाळीच्या तीन तारांची दुसरी, पुन्हा पुढून सुरू होणारी.

जाड ईच्या मागे अजून ४.४ मिमी शिल्लक आहेत. तार डीपर्यंत उतरवून पाहिली. सॅडल आणखी पाऊण मिमी मागे न्यावे लागले आणि सहज गेले.

एक गोष्ट मात्र बिघडलेली होती. पहिल्या फ्रेटवर बीच्या तारेचा स्वर ८ सेंट चढा येत होता, आणि भाची म्हणाली, ब्रिज थोडा हलवून पाहा. तो दोष ब्रिजचा नाही. नटाची खाच उंच असल्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार फार खाली दाबावी लागते आणि तेवढ्याच जागी स्वर चढतो. बारीक कानशीने ती खाच किंचित उतरवली आणि फरक ३ सेंटांवर आला. ब्रिज हलवला असता, तर तो एक फ्रेट सुधारून उरलेले एकवीस बिघडले असते.

२१ जुलै २०२४

पावसाळा सुरू झाल्यापासून गिटार दोन आठवडे घरात टांगलेली होती. मे महिन्यात आर्द्रतामापकावर दुपारी १७ टक्के दिसत होते, आज ८२ आहेत. ब्रिजच्या जागेची चिंता होती, ती आज मिटली : नट ते बारावा फ्रेट आणि नट ते सॅडल, दोन्ही मापे तीच आहेत. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आक्रसते, रेषांच्या लांबीत मात्र नगण्य बदलते. नेकच्या आणि बॉडीच्या रेषा तारांना समांतर असल्यामुळे स्केल लेंथ टिकून राहते. बदलली ती लवण. ती ०.२५ वरून ०.१० मिमीवर आली होती आणि त्यामुळे तारा जरा खाली आल्या होत्या. ट्रस रॉड किंचित सैल करून ती पूर्ववत केली, आणि मग सहाही तारांचे इंटोनेशन तपासले. फक्त जीच्या तारेत २ सेंटांचा फरक होता. तिचे सॅडल ३.३ वरून ३.९ वर गेले.

सहा तारांची आजची मापे, तारांच्या संचाची जाडी आणि नेकची लवण एका कागदावर लिहून तो कागद कंट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. भाची पुढच्या महिन्यात ११ चा संच लावून पाहणार आहे. तेव्हा त्याच कागदावर खाली दुसरी ओळ लिहायची आहे.